‘परमिशन डिनाइड’ आलं तर?

लिनक्सच्या टर्मिनलवर ‘सीडी’ अडली, तर आधी ‘एलएस -एलडी’ देऊन त्या डिरेक्टरीच्या परवानग्या पाहा. ‘आर’ असेल तर आतली नावं वाचता येतात, पण आत शिरायला ‘एक्स’ लागतो; नवशिके नेमके इथेच गोंधळतात. शिवाय हा ‘एक्स’ मार्गातल्या प्रत्येक वरच्या डिरेक्टरीवरही हवा. ‘नेमआय -एल’ ही गुणी कमांड अख्खा मार्ग टप्प्याटप्प्याने मांडते, अडलेली जागा लगेच दिसते. ‘नो सच फाइल’ आलं तर स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरं तपासा. लिनक्स त्यांत फरक करतं. वैतागून ‘सीएचमॉड 777’ मात्र देऊ नका. त्याने यंत्रावरच्या प्रत्येक वापरकर्त्याला त्या डिरेक्टरीतल्या फाइल काढून टाकण्याचीही मुभा मिळते.