पेनड्राईव्ह आणि कारभाऱ्याची परवानगी

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्याची मोठी कचेरी आपल्या कोळगावात आहे. आता सातबारासुद्धा संगणकावर निघतो. कागद इकडून तिकडे न्यायला बोटाएवढा पेनड्राईव्ह पुरतो.

सातपाटीला होडी धक्क्याला लागली, की आधी दोर बांधतात. मग मासळी उतरते. पेनड्राईव्हचेही तसेच. नुसता खोचून भागत नाही. संगणकाने तो जोडून घ्यावा लागतो. मगच आतले कागद दिसतात.

ही जोडणी कोणी करावी? लिनक्स नावाची संगणक-प्रणाली १९९१ साली निघाली. तिच्यात एक मुख्य कारभारी असतो. बाकीचे साधे वापरणारे. जोडणी कारभाऱ्यानेच करावी, असा मूळ नियम. का बरे? परक्या पेनड्राईव्हमधून व्हायरस, म्हणजे खोडसाळ आज्ञा, आत शिरतात. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट व्हायरस असाच पसरला. त्याने इराणच्या अणुकारखान्यातली यंत्रे बिघडवली.

पण दर वेळी कारभाऱ्याला कुठे शोधायचे? म्हणून तो यादीत एकदाच लिहून ठेवतो, 'साध्या माणसाने जोडले तरी चालेल.' सोबत अट घालतो, 'आतले कागद वाचा, आतल्या आज्ञा चालवू नका.' मग काम अडत नाही आणि धोकाही कमी होतो.

आणखी एक बघा. काम झाले की पेनड्राईव्ह हिसकू नका. आधी संगणकाला 'सोड' म्हणून सांगा. नाहीतर अर्धा कागद आत, अर्धा बाहेर, अशी गत होते. मेहनतीने लिहिलेला अर्ज फुकट जातो.