नागपूरकरांसाठी स्कूबा

नागपूरहून मालवणजवळची तारकर्ली सुमारे हजार किलोमीटर. त्यामुळे स्कूबा म्हणजे सुटीत एकदाच करायची मौज, असं आपल्याकडे धरून चालतात. पण हे शिक्षण बरंचसं समुद्राशिवाय होतं.

‘पाडी’ या स्कूबा प्रशिक्षण संस्थेच्या ओपन वॉटर अभ्यासक्रमात थिअरी घरी बसून ऑनलाइन करता येते. पुढचा सराव तलावात होतो. प्रशिक्षक आणि साधनं मिळाली, तर हा भाग आपल्याच शहरातल्या जलतरण तलावात उरकून समुद्रातल्या चार डाइव्ह वर्षभरात दुसऱ्या केंद्रावर पूर्ण करता येतात. याला रेफरल म्हणतात. नागपुरात ही सोय रुजायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तारकर्लीच्या एमटीडीसी संस्थेत सरावाचा खास तलाव आहेच.

अट फार कडक नाही. वय किमान 10, वेळेचं बंधन नसलेलं 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सर्वांत महत्त्वाचा धडा म्हणजे श्वास कधीच रोखायचा नाही. 10 मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथून श्वास कोंडून वर आलात, तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. खाली जाताना नाक दाबून हलकेच फुंकायचं, म्हणजे कान मोकळे राहतात. हे गुडघाभर पाण्यातही शिकता येतं.

परतीचं विमान मात्र शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनीच धरा.