नाण्यावर ठरलेला पगार

मोटार शर्यतीचा ब्राझीलचा बादशहा आयर्टन सेना १९८८ च्या मोसमासाठी मॅक्लारेन संघात आला. संघप्रमुख रॉन डेनिसशी पगाराची घासाघीस पाच लाख डॉलरवर अडली. अखेर नाणे उडवले, सेना हरला. करार तीन वर्षांचा, म्हणजे फटका पंधरा लाखांचा! १९९३ मध्ये मात्र तो सुरुवातीला एकेका शर्यतीचा सौदा करूनच उतरला.

आम्हा पारशिवनीच्या कापडवाल्यांच्या रकमा छोट्या. पण शिलाईची मजुरी ‘नंतर बघू’ म्हणून ठेवली की ईदच्या तोंडावर तंटा ठरलेलाच. नशिबावर सोडलेला सौदा जुगाराच्या वाटेने जातो. सूरह बकराची २८२ वी आयत मुदतीची उधारी लिहून ठेवायला सांगते. बांधवांनो, दर, मुदत आणि एकूण रक्कम आधी कागदावर घ्या, मगच हात मिळवा.