हेडसेट घ्यायचा तो माइकसाठी

संगणकावर गेम खेळणाऱ्या मुलांचा हट्ट हल्ली नव्या गेमपेक्षा हेडसेटसाठी जास्त असतो. त्यात तथ्य आहे. माइनक्राफ्टमध्ये मित्रांबरोबर गाव उभारायचं असो, नाहीतर व्हॅलोरंटमध्ये समोरचा कुठल्या भिंतीआड दडलाय ते साथीदाराला सांगायचं असो, खेळ आता बोलत बोलत होतो. ज्याचा आवाज तुटक येतो, ज्याच्या मागे सतत पंखा घोंघावतो, त्याला मित्र दोनदा सहन करतात आणि तिसऱ्यांदा म्यूट करतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते फार लागतं.

मग आईवडील मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठतात, पुण्यात तापकीर गल्ली, किंवा मोबाइलवर शोधू लागतात. समोर खोक्यांची रास येते. ७.१ सराउंड, ५० मिलिमीटरचे ड्रायव्हर, बदलत्या रंगांचे दिवे. किंमत पाचशेपासून आठ-दहा हजारांपर्यंत. मूल त्यातला एक कानावर चढवतं, गाणं लावून बघतं आणि ‘भारी आहे’ म्हणतं. इथेच निवड चुकते. मित्रांशी बोलण्यासाठी घेतलेल्या हेडसेटचा महत्त्वाचा भाग माइक असतो, आणि आपला माइक कसा वाजतो हे वापरणाऱ्याला बोलताना ऐकू येत नाही. ते फक्त पलीकडच्याला कळतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की माइक आधी पारखा. तसं केलंत तर हजार-बाराशे रुपयांत काम भागतं.

स्वस्त माइक चांगला असू शकतो, यामागे जुनं संशोधन आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली इलेक्ट्रेट माइक तयार केला. कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पातळ पडदा हा त्याचा गाभा. तो इतका लहान आणि इतक्या कमी खर्चात बनू लागला की पुढे टेलिफोन, टेपरेकॉर्डर, श्रवणयंत्रं सगळीकडे पोचला. सातशे रुपयांच्या हेडसेटमध्ये आजही बहुधा हाच असतो, आणि बोलणं टिपायला तो पुरेसा आहे. फरक पडतो तो माइक तोंडापासून किती दूर आहे यामुळे. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. लॅपटॉपचा माइक मुलाच्या तोंडापासून ६० सेंटिमीटरवर असतो आणि हेडसेटच्या दांडीवरचा ५ सेंटिमीटरवर. दोन्हींच्या आवाजात २० डेसिबलहून जास्त फरक पडतो. पंखा, मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या मात्र दोघांनाही जवळपास सारख्याच ऐकू येतात. त्यामुळे वळवता येणारी दांडी असलेला साधा हेडसेट महागड्या लॅपटॉपच्या माइकला सहज मागे टाकतो. टेबलावर उभे करायचे माइकही मुलांसाठी घेऊ नयेत. ते तोंडापासून दूर राहतात आणि कीबोर्डची खडखड आधी पकडतात.

दांडी ओठांसमोर आणू नये, ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवावी. समोर धरली तर प्रत्येक ‘फ’ आणि ‘भ’ची फुंकर थेट माइकवर आदळते.

खरेदीआधी घरातला ड्रॉवरही उघडून बघा. जुन्या फोनबरोबर आलेला, वायरवर बारीक माइक असलेला इअरफोन पडलेला असेल, तर तो लॅपटॉपच्या गोल जॅकमध्ये लावून सुरुवात करता येते. माइक शर्टाला घासून खरखरतो, म्हणून कॉलरला चिमट्याने अडकवायचा. महिनाभर असं चालवलं की मूल खरोखर किती बोलतं तेही कळतं.

आता पिनेचा घोळ. दुकानातून आणलेला हेडसेट घरी ऐकू येतो पण बोलत नाही, ही तक्रार अनेकदा पिनेमुळे असते. पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर त्यात फक्त ऐकण्याची सोय आहे. तीन असतील तर ऐकणं आणि बोलणं एकाच पिनेत आहे. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपना एकच जॅक असतो, त्याला तीन रेघांची पिन चालते. असेंबल केलेल्या डेस्कटॉपला सहसा दोन वेगळे जॅक असतात, हिरवा ऐकण्याचा आणि गुलाबी माइकचा. तिथे दोन पिनांचा हेडसेट हवा, किंवा शे-दीडशे रुपयांचा स्प्लिटर. लॉजिटेकच्या एच११० ला दोन पिना आहेत आणि एच१११ ला एक. दिसायला दोन्ही जुळे, त्यामुळे नंबर वाचूनच घ्यावा. यूएसबीच्या हेडसेटमध्ये ही कटकट नाही, कारण त्याचं साउंड कार्ड त्याच्यातच असतं. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकमधून घूं असा आवाज येत असेल, तर थोडे जास्त पैसे घालून यूएसबीचाच घ्यावा. लॅपटॉपवर असा आवाज आला तर आधी चार्जर काढून बघा. बऱ्याचदा दोष चार्जरचा निघतो. आणि एक फसवी जोडणी ओळखून ठेवा. दिव्यांच्या काही स्वस्त हेडसेटना यूएसबीची पिन असते, पण ती केवळ दिवे पेटवायला. आवाज गोल पिनेतूनच जातो. दुकानदाराला हे स्पष्ट विचारावं.

ब्लूटूथ गेमसाठी नकोच. गाणी ऐकताना ब्लूटूथ एका पद्धतीने चालतं आणि माइक सुरू झाला की दुसऱ्या. जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या या दुसऱ्या पद्धतीत आवाज एकदम टेलिफोनसारखा चपटा होतो, डावं-उजवं कळत नाही. शिवाय गोळी सुटल्यावर तिचा आवाज कानापर्यंत यायला उशीर होतो. छोट्या यूएसबी डोंगलवर चालणारे बिनतारी हेडसेट या बाबतीत चांगले असतात, पण ते स्वस्त या शब्दात बसत नाहीत. तारेचा घ्या. ७.१ चा शिक्काही या किमतीत सॉफ्टवेअरची करामत असते. कानापाशी आवाज काढणाऱ्या चकत्या असतात त्या दोनच.

मापाबद्दल मी आग्रही आहे. कान पूर्ण झाकणारे मोठे गेमिंग हेडसेट मोठ्यांच्या डोक्यासाठी बनलेले आणि बरेचदा पाव किलोहून जड असतात. लहान डोक्यावर ते घसरतात, चष्मा असेल तर त्याच्या काड्या कानामागे रुततात. कान पूर्ण बंद झाले की मुलाला स्वतःचा आवाज बसका वाटतो आणि ते नकळत ओरडू लागतं. रात्री नऊ वाजता शेजारी दार वाजवतात ते यामुळे. कानावर नुसती टेकणारी, स्पंजाची हलकी जोडी मला मुलांसाठी जास्त योग्य वाटते. आई जेवायला हाक मारते ती ऐकू येते, दाराची बेल ऐकू येते. कोकणातल्या दमट हवेत रेक्झिनच्या गाद्यांचे पापुद्रे निघतात. स्पंजाची टोपणं मात्र थोड्या पैशांत बदलता येतात. दोन भावंडं एकच हेडसेट वापरत असतील तर प्रत्येकाची वेगळी ठेवावीत.

दुकानात पारख करायला आपला लॅपटॉप घेऊन जा. विंडोजच्या साउंड रेकॉर्डरमध्ये मुलाला अर्धा मिनिट बोलायला लावा, मग रेकॉर्डिंग तुम्ही ऐका. घरी आल्यावर हेच पंखा लावून पुन्हा करा, आणि बिल सांभाळून ठेवा. आवाज मुळीच नोंदला गेला नाही तर हेडसेट परत करण्याआधी विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये माइकला परवानगी आहे का ते बघा.

आवाज नीट पोचू लागला की तो कोणापर्यंत पोचतो हा प्रश्न येतोच. गेम खेळताना गप्पांसाठी वापरतात त्या डिस्कॉर्डवर खातं उघडायला किमान १३ वर्षं पूर्ण लागतात. त्याहून लहान मुलाचं वय खोटं लिहून खातं काढून देऊ नका. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट या गेमच्या एपिक गेम्स कंपनीने फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली आणि एकूण ५२ कोटी डॉलर मोजायचं मान्य केलं. लहान मुलांचा आणि किशोरवयीनांचा अनोळखी लोकांशी थेट आवाजी संपर्क मुळातच सुरू ठेवलेला होता, हा त्यातला एक ठपका होता. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल मानली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे. पण कायदा घरात येऊन बटण दाबत नाही. गेममधलं व्हॉइस चॅट फक्त ओळखीच्या मित्रांपुरतं करा आणि ‘पुश टू टॉक’ लावा, म्हणजे ठरलेली की दाबली तरच माइक चालू. माइक सतत उघडा असेल तर आजोबा बँकेचा ओटीपी मोठ्याने वाचतात तोही पलीकडे जातो.

उरले कान. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकात मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. मोठ्यांसाठी ती ८० डेसिबलची आहे. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मी होते. ‘८५ डेसिबलला मर्यादित’ असं लिहून मुलांचे हेडसेट विकले जातात, ते वाचून पालक निर्धास्त होतात. पण या हिशेबाने ८५ डेसिबलवर मुलाला आठवड्याचे जेमतेम ४ तास मिळतात. खास व्हिडिओ गेमसाठीही २०२५ साली या संस्थांनी वेगळं मानक दिलं आहे, कारण गोळीबार आणि स्फोट अचानक मोठे होतात. म्हणून विंडोजचा आवाज निम्म्याच्या खाली ठेवा, गेममधले स्फोट कमी करा आणि मित्रांचा आवाज त्यांच्यापेक्षा वर आणा. स्फोट खाली आले की बोलणं कळायला एकूण आवाज वाढवावा लागत नाही.

खेळून उठल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज राहत असेल, मूल टीव्ही मोठा करत असेल किंवा दोन-दोनदा ‘काय?’ विचारत असेल, तर हेडसेट बाजूला ठेवून श्रवणचाचणी करून घ्यावी. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात ती होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तिथेही मुलांची तपासणी होते.