कौटिल्याचा इंद्रियजय

कौटिलीय अर्थशास्त्राच्या १५ अधिकरणांपैकी पहिले विनयाधिकारिक होय. विनय म्हणजे येथे शिक्षण व शिस्त. या अधिकरणात अमात्यांची नेमणूक आणि हेरांची योजना यांच्याआधी, ६ व्या व ७ व्या अध्यायांत, इंद्रियजयाचे विवेचन येते. इतरांचे नियमन करणाऱ्याने प्रथम स्वतःचे नियमन केले पाहिजे, हा या क्रमाचा आशय होय.

काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष हे राजाचे सहा शत्रू. मानामुळे नाश पावलेल्यांत कौटिल्य रावण व दुर्योधन यांची नावे घेतो. एकाने परस्त्री परत केली नाही, दुसऱ्याने राज्याचा वाटा दिला नाही. आणि दोघांच्या हट्टाची किंमत प्रजेला मोजावी लागली.

मात्र हा इंद्रियजय म्हणजे संन्यास नव्हे. धर्म व अर्थ यांना बाध न आणता राजाने सुखोपभोग घ्यावा, असे कौटिल्य स्पष्टपणे सांगतो. शिवाय तो केवळ राजाच्या निग्रहावर विसंबत नाही. राजाने आचार्य किंवा अमात्य यांना मर्यादा म्हणून स्थापावे. त्यांनी त्याला अनर्थापासून परावृत्त करावे व एकांतात प्रमाद घडत असल्यास वेळेची जाणीव देऊन टोचावे. एकटे चाक चालत नाही, हा त्यामागील दृष्टान्त.

रावणाजवळ बिभीषण होता, दुर्योधनाजवळ विदुर. सल्लागारांची उणीव नव्हती. उणीव होती ती ऐकून घेण्याची. आपणास अडविणारी माणसे जो स्वतःहून जवळ ठेवतो, त्यानेच मानरूपी शत्रू जिंकला असे म्हणता येईल.