जुना संगणक आणि शेतातली मोटार



गटात फिरताना तुमची शिकलेली मुले आम्हाला विचारतात, "साहेब, घरातल्या जुन्या संगणकावरनं मोटार चालू करता येईल का?" येईल, पण बेताने.

जुन्या संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरसाठी २५ पिनांचे पॅरलल पोर्ट असते. त्यात माहितीच्या आठ तारा. पाटाची आठ दारेच समजा. प्रोग्रॅमने पोर्टच्या पत्त्यावर (बहुधा ८८८) १ लिहिले की पहिल्या तारेवर सुमारे ५ व्होल्ट येतात. ० लिहिले की बंद.

डॉसमध्ये ही दारे कोणताही प्रोग्रॅम उघडी. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीत आणि लिनक्समध्ये पाटकऱ्याला विचारावे लागते. लिनक्सवर मुख्य अधिकाराने 'आयओपर्म' ही परवानगी घ्यावी, लागेल तेवढ्याच पत्त्यांची. ती मिळताच मुख्य अधिकार सोडावा.

मोटार थेट जोडू नका. तारेत जोर थोडा. मध्ये ट्रान्झिस्टर आणि रिले हवाच. जोडणी वायरमनकडूनच करा.

आणखी एक. संगणक सुरू होताना या तारा आपोआप चालू-बंद होतात. त्याच वेळी कोणी विहिरीत उतरला असेल तर? म्हणून उतरण्यापूर्वी स्टार्टरचा मेन स्विच हाताने पाडा. तिथे संगणकावर विसंबू नका.

— ऊस विकास विभाग