नवी मराठी भयकथा आणि शिफारशीची जबाबदारी

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने भयकथेची दखल क्वचितच घेतली. वाचकांनी मात्र तिला कधीच अंतर दिले नाही. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कादंबऱ्या ग्रंथालयांतून अक्षरशः झिजेपर्यंत वाचल्या गेल्या. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या गूढकथांनी दिवाळी अंकांचा वाचक बांधून ठेवला. आज या प्रकारात लिहिणारे अनेक जण प्रकाशनसंस्थेच्या आधाराविना, स्वखर्चाने पुस्तक छापून किंवा ‘प्रतिलिपी’सारख्या माध्यमावर कथा प्रसिद्ध करून लेखन करीत आहेत. अशा स्वतंत्र लेखकाची कथा योग्य वाचकापर्यंत कोणी व कशी पोहोचवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिफारशीची जुनी व्यवस्था

पूर्वी हे काम प्रामुख्याने संपादक करीत असे. अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये ‘हंस’ मासिक सुरू केले. पुढे त्यांच्याच ‘नवल’ने गूढ व अद्भुत कथेला हक्काचे स्थान दिले. ‘धनंजय’चा दिवाळी अंक रहस्य, भय व विज्ञानकथांसाठी ओळखला जाऊ लागला. अशा अंकात कथा येणे हीच तिची शिफारस असे. दुसरा शिफारसकर्ता म्हणजे ग्रंथपाल. नाशिकला ही परंपरा जुनी आहे. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची, तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांपर्यंत नेणारा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ पासूनचा. तथापि या दोन्ही वाटा मुख्यतः प्रकाशित ग्रंथाच्या आहेत. स्वतंत्र लेखकाच्या सुट्या कथेला ना संपादक लाभतो, ना ग्रंथपाल. तिच्या बाजूने बोलणारा उरतो तो केवळ वाचक.

भयकथा आणि मौखिक प्रसार

भयकथेच्या बाबतीत वाचकाचे हे सांगणे विशेष परिणामकारक ठरते, कारण ‘अमक्याने मला सांगितले’ हेच या कथेचे मूळ रूप आहे. ‘तुंबाड’ या चित्रपटाचे उदाहरण बोलके आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राने धारपांची एक कथा तोंडी सांगितली. त्या बीजातून आकाराला आलेला चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. परंतु प्रेक्षकांनी एकमेकांना सांगत त्याची कीर्ती वाढवली आणि २०२४ च्या पुनःप्रदर्शनात त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. सांगणाऱ्याचा शब्द काय करू शकतो, याचे याहून स्पष्ट प्रमाण शोधावे लागू नये.

नाव पुसले जाण्याचा धोका

मात्र याच मौखिकतेत एक धोका दडलेला आहे. लोककथेला कर्ता नसतो. म्हणून भयकथाही कर्त्याविना पुढे पाठवण्यास आपण कचरत नाही. मोबाईलवरून फिरणाऱ्या कथेतून प्रथम लेखकाचे नाव गळते, मग शीर्षक बदलते आणि अखेरीस ती ‘सत्यघटना’ म्हणून वाचली जाते. प्रस्थापित लेखकाची हानी त्यामुळे मर्यादित राहते. नवोदिताचे तर नाव हेच भांडवल असते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार लेखकाचे साहित्य त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षित असते. त्याच अधिनियमाचे कलम ५७ कर्तेपण सांगण्याचा त्याचा हक्क स्वतंत्रपणे मान्य करते. संपूर्ण कथा परस्पर पाठवणे म्हणजे शिफारस नव्हे. कथेचे नाव, कर्त्याचे नाव व ती मिळण्याचे ठिकाण सांगणे ही शिफारस होय.

एक आक्षेप

भयकथेचा प्रसार म्हणजे अंधश्रद्धेचा प्रसार, असा आक्षेप प्राध्यापकवर्गातून घेतला जातो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला असल्याने त्याचा गांभीर्याने विचार व्हावयास हवा. परंतु कथा आणि दावा यांत मूलभूत भेद आहे. भोंदू मनुष्य ‘हे खरे आहे’ असे सांगून फसवतो. कथाकार ‘हे कल्पित आहे’ या उघड करारावर वाचकाला भिववतो. निनावी झालेली कथा ‘सत्यघटना’ बनते तेव्हा मोडतो तो हाच करार. त्यामुळे लेखकाचे नाव जपणे हे न्यायाचे तसेच विवेकाचेही काम ठरते.

शिफारस कशी असावी

पहिली अट अशी की, रहस्य फोडू नये. कथानक न सांगता भयाची जात सांगावी : भय अमानवी शक्तीचे आहे, मनोविकाराचे आहे की एखाद्या वास्तूचे? दुसरी अट, स्थळकाळाचे भान. सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी मुंजा, हडळ, चकवा यांच्या गोष्टी गावाकडून आलेल्या असतात. पण त्याचा स्वतःचा अंधार रात्रपाळीचा, बंद पडलेल्या कारखान्याचा, भाड्याच्या खोलीचा असतो. जुना वाडा व पिंपळ यांपलीकडे जाऊन या नव्या अंधाराला शब्द देणारी कथा आढळल्यास ती आवर्जून पुढे करावी. तिसरी अट प्रामाणिकपणाची. शुद्धलेखन सदोष असेल, शेवट घाईचा असेल तर तसे नमूद करावे. सरसकट स्तुतीने लेखक सुधारत नाही आणि वाचकाचा विश्वासही उडतो. चौथी अट, हिंसा किंवा आत्महत्येचे चित्रण असल्यास त्याची पूर्वसूचना द्यावी. विद्यार्थ्यांना कथा सुचवताना तर ती अवश्य द्यावी.

निष्कर्ष

मासिकांच्या संपादकांनी सोडलेली जागा आज रिकामी आहे. मराठी विभागाचे भित्तिपत्रक, ग्रंथालयातील एक फलक, वाङ्मय मंडळाची मासिक बैठक एवढ्या साधनांवर ती अंशतः भरून काढता येईल. वर्षभरात पाच नव्या लेखकांची प्रत्येकी एक कथा नावानिशी व दहा ओळींच्या परीक्षणासह विद्यार्थ्यांपुढे ठेवणे कोणत्याही महाविद्यालयास अशक्य नाही. साहित्यप्रकाराची प्रतिष्ठा अभ्यासक्रमाने मिळते तशी जाणत्या वाचकाच्या शब्दानेही मिळते, आणि तो शब्द देण्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.